वगळायच्या फाइलींची यादी

आमच्या विभागाच्या संकेतस्थळाच्या पसाऱ्यात एक अगदी लहान फाइल आहे. तिचे नाव टिंबाने सुरू होते, आणि टिंबाने सुरू होणारी नावे पुष्कळ संगणक झाकूनच ठेवतात. त्यामुळे ती सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. तीत आज एकोणीस ओळी आहेत. प्रत्येक ओळीत अशा एखाद्या फाइलीचे वा फोल्डरचे नाव आहे, की जिचा इतिहास जपायचा नाही असे आम्ही दोघांनी कधी ना कधी ठरवले; क्वचित एकमताने, पुष्कळदा भांडून. गिटइग्नोर असे तिचे नाव. आम्ही आपसांत तिला ‘वगळ-यादी’ म्हणतो. गेल्या सात-आठ वर्षांत आम्ही जे काही लिहिले, त्यात या एकोणीस ओळींइतका विचार दुसऱ्या कशामागे नसावा असे आता वाटते. शोधनिबंधांची गोष्ट वेगळी; ते बढतीसाठी लिहायचे असतात.

आम्ही दोघे एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात मराठी शिकवतो. एकाचा ओढा पाठचिकित्सेकडे, दुसरीचा लोकसाहित्याकडे. संगणकाचे ज्ञान दोघांचेही गुणपत्रके भरण्यापुरते होते. पदव्युत्तर वर्गातील मुलामुलींनी गावोगाव जाऊन जात्यावरच्या ओव्या वह्यांत उतरवून आणल्या होत्या. काहींनी भ्रमणध्वनीवर आवाजही टिपले होते. महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत. त्यांच्यापुढे आमच्या अकराशे ओव्या म्हणजे ओंजळभर पीठ. तरी ते आपल्या जात्याचे. २०१७ साली मूल्यांकन समितीची भेट ठरली, ‘विभागाचे संकेतस्थळ हवे’ असे वरून आले, आणि वह्यांना कपाटाबाहेर पडायचे निमित्त मिळाले. चांगली कामे आपल्याकडे बरीचशी अशीच सुरू होतात.

संकेतस्थळ उभे करून देणाऱ्या संगणकशास्त्र विभागातील तरुण सहकाऱ्याने पहिल्याच दिवशी बजावले, “सर, मॅडम, सगळं व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवा.” मराठीत याला आवृत्ती-नियंत्रण म्हणता येईल, पण नियंत्रणापेक्षा ते दप्तर आहे. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांना तोवर हाताशी असलेली बिटकीपर ही प्रणाली विनामूल्य वापरता येईनाशी झाली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये गिट रचायला घेतले. आपण सांगू त्या क्षणी गिट आपल्या साऱ्या फाइलींची स्थिती नोंदवून ठेवते आणि नोंद कुणी केली, केव्हा केली, कशासाठी केली हे तिच्यासोबत लिहिते. हस्तलिखितांच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, तिथी, स्थळ सांगणारी पुष्पिका लिहीत असे. येथे प्रत्येक नोंदीला तिची पुष्पिका असते. शिवाय प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरांची एक खूण मिळते. ती खूण नोंदीतल्या मजकुरावरून आणि आधीच्या नोंदीच्या खुणेवरून निघते, त्यामुळे मधल्याच एखाद्या नोंदीत पुढे कुणी हात घातला तर तिथून पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. प्रक्षेप पकडण्याची ही सोय पाहून आमच्यापैकी पाठचिकित्सक अक्षरशः मोहरला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कुणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. त्यांच्या हाती निव्वळ शब्दाचा धाक होता.

मात्र काय ठेवावे हे गिट सांगत नाही. ते विचारतही नाही. एका आज्ञेसरशी समोर दिसेल ते सारे ते पोटात घेते, आणि आम्ही तीच आज्ञा दिली.

त्या ‘साऱ्या’त काय काय होते ते आठवले की अजून कानकोंडे व्हायला होते. संकेतस्थळ तेव्हा वर्डप्रेसवर होते. वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइली, ज्या जगात कुणालाही केव्हाही उतरवून घेता येतात, त्या होत्या. आमच्यापैकी एकीच्या संगणकावरची किराणा मालाची यादीही चुकून गेली होती. आणि कॉन्फिग नावाची फाइल होती, तीत डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि त्याचा परवलीचा शब्द, तिन्ही उघडउघड. आमचे भांडार सर्वांसाठी खुले होते. ज्ञान खुले असावे अशी आमची श्रद्धा. सहकाऱ्याच्या लक्षात आले तेव्हा चार दिवस उलटले होते. आम्ही तत्काळ ती फाइल काढून नवी नोंद केली आणि निश्चिंत झालो. त्याने शांतपणे आदल्या नोंदीचे पान उघडून परवलीचा शब्द आम्हाला वाचून दाखवला. शब्द आमच्या एका आवडत्या कवीचे टोपणनाव असल्यामुळे लाज दुहेरी होती.

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत बांधले. ज्याला किल्ली ठाऊक त्यालाच ते उघडत. किल्ली पोथीतच लिहून ठेवावी असे त्यांना सुचले नसावे. आम्हाला सुचले. उपाय एकच होता, परवलीचा शब्द बदलणे, कारण एकदा चव्हाट्यावर आलेला शब्द इतिहासातून पुसला तरी तो कुणी टिपून घेतला नसेल याची हमी कोण देणार? वगळ-यादीची पहिली ओळ त्या दिवशी लिहिली गेली. लिहून पाहिली तर काहीच झाले नाही. तेव्हा कळले, की जी फाइल गिटच्या नोंदीत आधीच आलेली आहे तिला ही यादी हात लावत नाही. यादी फक्त अजून दाराबाहेर असलेल्यांना अडवते. आत आलेल्याला निराळा निरोप द्यावा लागतो.

दुसरी ओळ आकारमानाची. वह्यांची पाने आम्ही स्कॅन केली होती. सहाशेच्या आसपास पाने, एकेक आठ-दहा मेगाबाइटचे. गिटचा पिंड मजकुराचा. ओळी-ओळींतला फरक ते सहज सांगते, पण चित्र किंवा ध्वनी त्याच्या लेखी केवळ एक गाठोडे. गाठोड्यात काय बदलले हे ते वाचकाला सांगू शकत नाही आणि बहुधा प्रत्येक वेळी जवळजवळ सबंध नवे गाठोडे साठवावे लागते. एका उत्साही विद्यार्थ्याने सुट्टीत तिरकी आलेली सगळी पाने सरळ करून पुन्हा नोंदवली. भांडार एका रात्रीत दुपटीने फुगले. पुढे एका लांबलचक ध्वनिमुद्रणापाशी गाडे अडले, कारण आम्ही जिथे भांडार ठेवले होते तिथे शंभर मेगाबाइटच्या वरची फाइल घेतच नाहीत. ‘चित्रे, आवाज वगळा’ असा सल्ला सगळीकडून आला. सल्ला योग्यच होता. आम्ही वर्डप्रेसचे अपलोड्स हे फोल्डर वगळ-यादीत लिहिले आणि हात झटकले.

आता जे सांगायचे ते सुखाचे नाही. २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत संकेतस्थळाच्या जागेचे भाडे भरायचे राहिले. बिल सहीसाठी टेबलावर होते, सही करणारे गावाला गेले होते आणि मुदतीनंतर जागा रिकामी करण्यात आली. आम्ही फारसे घाबरलो नाही. आमच्याकडे गिट होते! नवी जागा घेतली, भांडार तिथे उतरवले, आणि संकेतस्थळ जसेच्या तसे उभे राहिले. मथळ्यांचा निळा रंग बदलून मातकट केल्याची नोंद होती, तो का बदलला याचे चार ओळींचे कारणही होते. समासांची मापे होती. तळटीपेचा टंक होता. ओव्या तेवढ्या नव्हत्या.

वर्डप्रेसमध्ये आपण लिहिलेला मजकूर फाइलीत नसतो, डेटाबेसमध्ये असतो. फाइलींत असते ते रूप. दोन वर्षे आम्ही अत्यंत निष्ठेने घराच्या रंगाचा इतिहास जपला, आणि घरात राहणाऱ्यांची नावनिशाणी कुठेच लिहिली नाही. डेटाबेसची एक प्रत एका पेनड्राइव्हवर सापडली. ती आठ महिन्यांपूर्वीची. त्या आठ महिन्यांत दोन विद्यार्थिनींनी कानाला हेडफोन लावून वह्यांतला मजकूर मूळ आवाजाशी ताडून पाहिला होता. लिहिताना मुले नकळत बोलीचे ‘शुद्ध’ करून टाकतात. ते त्यांनी मागे नेले होते, तीनशेहून अधिक ठिकाणी. ते सगळे गेले. अपलोड्स फोल्डरातली चित्रे वह्यांवरून पुन्हा काढता येत होती. ध्वनिमुद्रणांपैकी बरीच कुणाकुणाच्या फोनवर मिळाली. चौदा मिळाली नाहीत. ज्यांचा आवाज त्यांत होता त्यांच्यापैकी दोघी तोवर वारल्या होत्या.

त्या दोन विद्यार्थिनी एव्हाना नोकरीला लागल्या होत्या. त्यांना फोन केले. एकीने आठवून आठवून सत्तर-ऐंशी दुरुस्त्या सांगितल्या. “मॅडम, तिथं आपण ‘ळ’चा ‘ल’ केला होता बहुतेक,” असे ती म्हणे आणि आम्ही ते ‘बहुतेक’ही लिहून घेत असू. म्हाइंभटांचे लीळाचरित्र स्वारीच्या धामधुमीत हरवले आणि अनुयायांनी ते स्मरणावरून पुन्हा सिद्ध केले, म्हणून त्यात इतके पाठभेद, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. सांगताना ती सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट वाटत असे.

यानंतर वगळ-यादीकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली. एखादी फाइल वगळायची म्हटले, की ‘मग ती कुठे राहणार?’ हा प्रश्न आधी विचारायचा असे ठरले. यादीतल्या प्रत्येक ओळीच्या वर आता एक टिप्पणी असते: कुठल्या डिस्कवर, कुणाच्या घरी, दुसरी प्रत कुठे. ध्वनिमुद्रणे दोन डिस्कवर आहेत, एक विभागात आणि एक आमच्यापैकी एकाच्या घरी देवघराशेजारच्या फडताळात. तिसरी प्रत असावी असे जाणकार म्हणतात. तिच्यासाठी पैसे मागण्याचा अर्ज केलेला आहे.

२०२० मध्ये, घरी बसायची वेळ आली तेव्हा, आम्ही वर्डप्रेस सोडले आणि ओव्या साध्या मजकुराच्या फाइलींत आणल्या. एका गायिकेची एक फाइल. ओवीची प्रत्येक ओळ स्वतंत्र ओळीवर. हे ओळींचे पथ्य महत्त्वाचे ठरले. गिट फरक दाखवते तो ओळीगणिक, म्हणून गद्याचा सबंध परिच्छेद एका ओळीत लिहिला तर एका स्वल्पविरामापायी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. ओवीला मात्र हे माप अंगच्या खणासारखे बसते. या फाइलींवरून जेकिल नावाची आज्ञावली संकेतस्थळाची तयार पाने घडवते आणि वेगळ्या फोल्डरात ठेवते.

ती तयार पाने भांडारात ठेवावीत की नाहीत, यावर आमचे आठवडाभर चालले. लोकसाहित्यवाल्या मॅडमचे म्हणणे, वाचक जे पाहतो ते हेच, मग तेच जपायला नको का? आम्ही ठेवून पाहिली. जानेवारीत प्रत्येक पानाच्या तळाशी असलेले वर्ष बदलले, आणि त्या एका अंकापायी शेकडो पाने बदलल्याची नोंद झाली. त्याच दिवशी कुणीतरी एका ओवीत ‘बंधु’चा ‘बंदू’ केला होता. ती खरी दुरुस्ती त्या लोंढ्यात शोधूनही दिसेना. येथे पाठचिकित्सेने हात दिला. ज्या प्रतीवरून नक्कल झाली ती प्रत आपल्याकडे असेल, तर नकलेची साक्ष काढायचे कारण नाही, हे त्या शास्त्रातले जुने सूत्र. तयार पाने ही नक्कल. मूळ हाती आहे, घडवणारे यंत्र हाती आहे, हवी तेव्हा नक्कल पुन्हा निघेल. सबंध फोल्डर वगळ-यादीत गेले. लोकसाहित्यवाल्या मॅडमना हे सूत्र मान्य झाले, पण ओव्यांच्या बाबतीत मूळ कुठले आणि नक्कल कुठली हे तुम्ही कसे ठरवणार, असे त्या जाता जाता म्हणाल्याच.

सूत्र लावताना ते वाकते कुठे हेही दिसले. विभागाने २००४ मध्ये एक पुस्तिका काढली होती. तिच्यासाठी टाइप केलेल्या फाइली युनिकोडपूर्व टंकात होत्या. त्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई आणि रफार मागाहून. अक्षरांचे संकेत इंग्रजीचेच, वर मुखवटा देवनागरीचा. टंक नसेल तर पडद्यावर नुसता कचरा. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीतून ओव्या युनिकोडमध्ये आणल्या. त्या यंत्राने घडवलेल्या, म्हणजे सूत्राप्रमाणे नक्कल. पण नंतर आम्ही त्यांतल्या भरकटलेल्या वेलांट्या हाताने जागेवर आणल्या, आणि ज्या क्षणी हात लागला त्या क्षणी ती नक्कल मूळ झाली, कारण यंत्र तीच फाइल पुन्हा देऊ शकत नाही. जुन्या टंकातल्या फाइलीही एकदाच, शेवटच्या म्हणून, ठेवल्या. त्या वाचू शकणारे संगणक कमी होत चालले आहेत, एवढे कारण पुरेसे वाटले.

दुसरा अपवाद जेकिलसोबत येणाऱ्या जेमफाइल.लॉक या फाइलीचा. ती यंत्रच लिहिते, तरी ठेवायची. कोणत्या पूरक आज्ञावलीची नेमकी कोणती आवृत्ती वापरून पाने घडवली, याची ती यादी आहे, आणि उद्या नव्याने काढली तर आजचीच निघेल असा भरवसा नाही. संपादकाने प्रस्तावनेत आपल्यापुढच्या पोथ्यांची यादी द्यावी तसेच हे.

एक फजिती मात्र खास आपल्या भाषेची. एका सकाळी नोंदीत चारशेच्या वर ओळी बदललेल्या दिसल्या. डावीकडे जुनी ओळ, उजवीकडे नवी, आणि दोहोंत तसूभर फरक नाही. आम्ही दोघांनी चष्मे पुसले. सासऱ्या, दुसऱ्या, घागऱ्या, असे शब्द त्या प्रत्येक ओळीत होते एवढेच ध्यानात आले. सहकाऱ्याने आतले संकेत उघडून दाखवले तेव्हा उलगडा झाला. ‘ऱ्य’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो: एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. एका विद्यार्थ्याच्या कळफलकाने पहिल्याचे दुसरे करून टाकले होते. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. संकेतस्थळावर ‘सासऱ्या’ शोधणाऱ्याला निम्म्याच ओव्या मिळत. आम्ही पहिला मार्ग प्रमाण धरला. प्रमाणलेखनावर आयुष्यभर टीका करत आलेल्या माणसांना एका अदृश्य चिन्हासाठी नियम करावा लागला, याची मौज विभागात बरेच दिवस चालली.

वगळ-यादीच्या शेवटच्या तीन ओळी २०२३ मधल्या. एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. तिने आपल्या आजीच्या ओव्या उतरवून आणल्या होत्या. आजी दोन वर्षांपूर्वी गेली होती. “मॅडम, आजीची ती एक ओवी काढून टाकता येईल का?” त्या ओवीत नात्यातल्या एका माणसाचे नाव होते आणि दागिन्यांची एक जुनी गोष्ट. त्या माणसाच्या नातवाने कुठेतरी शोधताना ती वाचली, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे भांडण एका लग्नाच्या मांडवात पुन्हा उभे राहिले. आम्ही दहा मिनिटांत ओवी काढली. नोंदीत शिस्तीने कारणही लिहिले: अमुक आजींची अमुक क्रमांकाची ओवी कुटुंबीयांच्या विनंतीवरून काढली आहे. तिला कळवले. ती “बरं झालं” म्हणाली.

संध्याकाळी सहकारी दाराशी येऊन उभा राहिला. ओवी संकेतस्थळावरून गेली आहे, इतिहासातून गेलेली नाही, हे आम्हाला आता ठाऊक होते, विसरलो होतो. भांडार खुले. आणि ती कुठे शोधायची याची पाटी आमच्याच नोंदीने लावली होती.

त्या रात्री आम्ही जे भांडलो ते आजवरच्या भांडणांसारखे नव्हते. पाठचिकित्सकाचे म्हणणे असे, की इतिहासातून पाठ पुसणे हे संपादकाला वर्ज्य आहे. एकनाथांनी प्रत शुद्ध केली, पण गाळलेले पाठ नोंदवून ठेवले नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे काय होते हे आपल्याला कळायला मार्ग नाही. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये सुरू केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, तिच्या प्रत्येक पानाखाली नाकारलेले पाठ बारीक टंकात उभे आहेत, आणि सुखटणकरांच्या त्या शिस्तीमुळेच आज कुणालाही त्यांचा निर्णय तपासता येतो. शिवाय बाईने आयुष्यात एकदाच नाव घेऊन तक्रार केली. तीच आपण पुसायची? जिच्याविरुद्ध सगळे घर होते तिच्या बाजूने ही ओवी एवढीच साक्ष असेल तर?

हा शेवटचा प्रश्न खोटा नव्हता, आणि लोकसाहित्यवाल्या मॅडमनाही तो टाळता आला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, की महाभारताच्या लेखनिकांना नात्यातल्या लग्नाला जायचे नव्हते. आजीने ती ओवी पहाटे जात्यापाशी म्हटली, पुढे नातीला ऐकवली. नातीने ती विश्वासाने आपल्याला दिली, आणि आपण ती जगापुढे मांडताना आजीला विचारले नाही. संमतीच्या कागदावर नातीची सही आहे. आता नात ती परत मागते आहे. साक्ष कुणी, कुठे, केव्हा द्यायची हे आपण कोण ठरवणार?

आम्ही इतिहास पुसला. त्यासाठी फिल्टर-रेपो नावाचे अवजार आहे. ते सांगितलेला मजकूर प्रत्येक जुन्या नोंदीतून उपटून काढते. त्या फाइलीपासून पुढच्या तीन वर्षांच्या साऱ्या नोंदींच्या चाळीस अक्षरी खुणा बदलल्या. पाटी लावणारी आमची नोंदही नव्याने लिहिली. भांडाराच्या प्रती ज्या चार विद्यार्थ्यांकडे होत्या त्यांना त्या टाकून नव्या घ्यायला सांगितले, आणि भांडार जिथे ठेवले आहे तिथेही कळवावे लागले, कारण जुन्या नोंदी त्यांच्याकडे रेंगाळतात. चौघांपैकी एकाचा जुना लॅपटॉप त्याने विकला होता. त्याबाबतीत काही करण्यासारखे नव्हते.

मग वगळ-यादीत तीन ओळी वाढल्या. गायिकांच्या माहितीचे तक्ते, ज्यांत नाव, वय, जात, गाव, फोन असे सगळे असते, ते एकीत. संमतीचे कागद दुसरीत. हे तोवर खुल्या भांडारात कसे राहिले, याला आमच्याकडे उत्तर नाही. तिसरी ओळ लिहिताना पुन्हा चुकणार होतो. परत घेतलेल्या ओव्या एका वेगळ्या फाइलीत घराच्या डिस्कवर ठेवायच्या असे ठरले, आणि त्या फाइलीला आम्ही आजींचेच नाव दिले होते. सहकारी हसला. “मॅडम, ही यादी पण सगळ्यांना दिसते.” वगळलेल्यांची यादी स्वतः वगळलेली नसते, ती नोंदीत असते, तीत नाव लिहिणे म्हणजे दाराला कुलूप घालून दारावर ऐवजाची यादी चिकटवणे. गिटमध्ये आणखी एक यादी असते, एक्सक्लूड नावाची. ती ज्याच्या त्याच्या संगणकावर राहते, भांडाराबरोबर कुठेही जात नाही. ज्यांची नावेही घ्यायची नाहीत ती तिथे. खुल्या यादीतली तिसरी ओळ मोघम ठेवली.

डिस्कवरच्या त्या फाइलीत ती ओवी ठेवली, म्हणजे आम्ही विद्यार्थिनीचे पुरते ऐकले नाही, असे कुणी म्हणू शकेल. आम्ही तिला तसे सांगितले. ती म्हणाली, तेवढी राहू द्या, पण वही मला द्या. वही विभागाच्या कपाटात होती, दोनशे पानी, वर तिच्याच अक्षरात हजेरी क्रमांक. त्या वहीत आजीच्या आणखी सदतीस ओव्या आहेत आणि त्यांची स्कॅन केलेली पाने आमच्याकडे असल्यामुळे वही द्यायला हरकत नव्हती.

ती एका शनिवारी दुपारी आली. विभागात आम्ही दोघेच होतो. तिने वही उघडली, ते पान काढले आणि उभ्यानेच मनात वाचू लागली; ओठ हलत होते, पहिली ओळ चालीवर असावी. मग थांबली. “इथं मी चुकीचं लिहिलंय,” ती म्हणाली. “आजी असं म्हणायची नाही.” टेबलावरचे पेन घेऊन तिने शेवटचा शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, शाई वाळेपर्यंत पानावर फुंकर घातली आणि वही पिशवीत ठेवली. आमच्यापैकी एकाच्या ओठांवर प्रश्न आला होता. दुसरीने चहा मागवला.